दोकसूच्या पाठीखालची जमीन

नात इदाम एक वर्षाची झाली, वाढदिवसाला पुढं मांडलेल्या वस्तूंमधले पैसे सोडून, पेन्सिल सोडून तिनं दोऱ्याची लड उचलली आणि सगळ्या घरानं टाळ्या पिटल्या, त्याच वर्षी, मका काढून झाल्यावर, चाङ दोकसूला अर्धांगाचा झटका आला. दोरा उचलला, पोर दीर्घायुषी होणार म्हणून त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं ओरडला होता तो हाच आजोबा.

तो परसात कोबीच्या रोपांना माती लावत होता. मालसुक, त्याची बायको, ओसरीवर मिरच्या पुसत बसली होती. मान वर केली तर नवरा वाफ्यात आडवा. तिला वाटलं, गुडघे दुखले म्हणून टेकला असेल. "अहो, निजायचं तर घरात या की," असं ती म्हणालीसुद्धा. ते वाक्य पुढं तिच्या डोक्यात घर करून राहिलं.

वोंजूच्या मोठ्या दवाखान्यात त्याचा जीव वाचला. डावा हात आणि डावा पाय मात्र गेले. तोंड एका बाजूला ओढलं गेलं आणि बोलणं तुटून तुटून येऊ लागलं. डॉक्टर म्हणाले, आता आम्ही करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या नाहीतर वृद्धांच्या रुग्णालयात ठेवा.

मुलगा ग्युहोन इंचनच्या कारखान्यात होता. तो सुट्टी काढून आला होता. दवाखान्याच्या व्हरांड्यात त्यानं आईला बाजूला घेतलं.

"आई, तुझी कंबर गेलेली. तू त्यांना उचलणार कशी?"

"लग्नात त्यांनी मला उचललं होतं का? तरी आले ना मी."

"मी चेष्टा करत नाहीये."

"मीही नाही," मालसुक म्हणाली. "तिथं नाही न्यायचं."

खोऱ्याच्या तोंडाशी वृद्धांच्या रुग्णालयाची एक पिवळी इमारत होती. तिथं गेलेलं माणूस पायांनी चालत परत आलेलं गावानं पाहिलं नव्हतं. दोकसूचा थोरला भाऊ तिथं राहून तिथंच गेला. नाकातली नळी उपसतो म्हणून त्याच्या हातांत जाड मोजे घालून ते पलंगाच्या दांडीला बांधले होते. भावाला शेवटचं बघून आल्यावर दोकसू दिवसभर परसात खणत होता. मग जेवताना घास अडकावा तसं म्हणाला, "मला तिथं टाकलंस तर भूत होऊन तुझ्या किमचीच्या रांजणात बसेन."

"बसा. मीठ कमी लागेल मग."

तो हसला नाही. "घरात मरू दे मला."

"मरा की घरातच. कोण अडवतंय?"

एवढंच बोलणं झालं होतं. शपथ नाही, हातावर हात नाही. पण आमच्या डोंगरात जुन्या माणसांना घराबाहेरच्या मरणाची फार भीती. बाहेर गेलेल्याचं प्रेतसुद्धा पूर्वी उंबऱ्याच्या आत घेत नसत. अंगणात मांडव घालून तिथंच ठेवत, आपल्याच घराकडं तोंड करून. मालसुकनं लहानपणी स्वतःच्या बापाला असं अंगणात ठेवलेलं पाहिलं होतं. म्हणून ती त्या दोन ओळींच्या बोलण्याला शपथच मानत होती.

ग्युहोननं शेवटी मान तुकवली. पण घराची अडचण होती. मधली खोली, जिच्या जमिनीखालून बॉयलरचं गरम पाणी फिरतं, ती उंच जोत्यावर. न्हाणीघर आणि संडास पार दुसऱ्या टोकाला. रोज माणसाला पायरीवरून खालीवर करणं मालसुकच्यानं होणार नव्हतं. न्हाणीला लागून एक पडवीची खोली होती, मका आणि मुळ्याचा वाळवलेला पाला ठेवायची. तिथं पायरी नव्हती, पण जमिनीखाली पाण्याची नळीही नव्हती. हिवाळ्यात त्या खोलीत माणसाचा दगड व्हायचा.

"विजेची जमीन घालू," ग्युहोन म्हणाला. "आणि ती बॉयलरच्या त्या यंत्राला जोडू. म्हणजे मला तिथून दिसेल."

ते यंत्र त्यानं आदल्या हिवाळ्यात बसवलं होतं, आणि त्याला कारणही तसंच घडलं होतं. मालसुक सगळा हिवाळा बॉयलरचं 'बाहेर गेलो आहोत' हे बटण दाबून ठेवायची आणि दोघं घरातच बसायची. मुलाची गाडी खालच्या पुलावर दिसली की पळत जाऊन बॉयलर वाढवायची. एकदा ग्युहोन न कळवता आला. बघतो तर आई-बाप घरात कानटोप्या घालून बसलेले, तोंडातून वाफ निघतेय आणि दोघं शांतपणे टीव्ही बघताहेत. तो तेव्हा इतका ओरडला की शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली. त्यानंतर त्यानं बॉयलरला ते यंत्र लावून घराची सगळी जमीन आपल्या फोनमध्ये घातली. तेव्हापासून मालसुकच्या घरात गारवा पडला की तो गावाच्या आधी इंचनला कळायचा.

"आई, बॉयलर कोणी बंद केला?"

"मांजरानं."

"आपल्याकडं मांजर कुठंय?"

"म्हणूनच तर. शेजारचं असणार."

पडवीची खोली करायला तालुक्याच्या गावातून उम नावाचा कारागीर आला. चाळिशीचा, बडबड्या. त्यानं जमिनीवर उष्णता अडवणारा चकचकीत थर पसरला, त्यावर काळ्या पट्ट्यांची कागदासारखी पातळ शीट अंथरली, तारा जोडल्या आणि वर पिवळट व्हिनाइल घातलं. जमिनीची उष्णता मोजणारी एक छोटी सुई त्यानं दाराजवळ, भिंतीवरच्या बटणाच्या खाली पुरली. तार तिथवरच पोचत होती.

मालसुक उंबऱ्यावर बसून बघत होती. "हा कागद तापणार?"

"तळहात ठेवा आजी. बघा."

तिनं ठेवला. खरंच ऊब येत होती. लाकूड नाही, धूर नाही, पाण्याचा आवाज नाही. तिला ते जरा अपशकुनी वाटलं.

"एक लक्षात ठेवा," उम म्हणाला. "यावर कपाट ठेवायचं नाही. जाड गादी नको, फोम नको, रजयांची चळत तर मुळीच नको. उष्णता खाली कोंडते."

"मग माणसानं निजायचं कशावर?"

"काहीतरी पातळ घाला."

"आणि अंगावर काय घेऊ, वर्तमानपत्र?"

उम हसला आणि हत्यारं गोळा करू लागला. जाताना त्यानं हेच ग्युहोनला फोनवरही सांगितलं. ग्युहोननं आईला सांगितलं, "आई, जाड गादी घालू नको हं." मालसुक हो म्हणाली, आणि तिनं खरंच घातली नाही. पुढं जे झालं ते तिनं ऐकलं नाही म्हणून झालं नाही. अर्धं ऐकलं म्हणून झालं.

दोकसू घरी आला तेव्हा त्याच्या आधी पलंग आला होता. म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी काळजी-योजनेतून भाड्यानं मिळतो तो, हँडल फिरवलं की डोकं वर होणारा. त्याच योजनेतून पे बाई यायच्या, सोमवार ते शुक्रवार, सकाळचे तीन तास. पन्नाशीच्या, हातानं भक्कम, तोंडानं मोकळ्या. त्यांनी दोकसूला पलंगावर चढवलं, उशा लावल्या आणि म्हणाल्या, "राजासारखे दिसताय आजोबा."

दोकसूनं उजव्या हातानं पलंगाची दांडी चाचपली. एकदा, दोनदा. मग त्याच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"काय झालं हो? दुखतंय का?"

"पा...ठ," तो म्हणाला. "पा...ठ गार."

जन्मभर तो माणूस जमिनीवर निजला होता. दिवसभर रानात वाकायचं आणि संध्याकाळी तापलेल्या जमिनीवर पाठ टेकून "आह" करायचं, यापलीकडं त्यानं सुख म्हणून काही मागितलं नव्हतं. पलंगाखाली हातभर हवा होती. जमीन तापत होती आणि ती ऊब त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. तो रोज तेच म्हणू लागला. जेवताना, कपडे बदलताना, टीव्ही चालू असताना. पाठ गार.

मालसुकनं पे बाईंना सांगितलं, "यांना खाली घेऊ."

"आजी, नको. उचलताना तुमची कंबर मोडेल. आणि अर्ध्या अंगाला कळत नाही काही. पलंगच बरा."

"उरलेल्या अर्ध्याला कळतं ना."

पे बाई चार दिवस नाही म्हणाल्या. पाचव्या दिवशी दोकसूनं पेज तोंडात घेतली आणि गिळलीच नाही. मग दोघींनी मिळून त्याला खाली घेतलं.

उमचं ऐकून मालसुकनं दोकसूखाली जाड गादी घातली नाही. एक पातळ चादर, बस. अंगावर मात्र लग्नातली कापसाची रजई घातली, जड, विटलेल्या लाल रंगाची. आणि तापल्या जमिनीवर रजई पसरून ऊब धरून ठेवायची हे तर आमच्याकडं पोरीबाळींनाही शिकवावं लागत नाही. म्हणून तिनं आणखी दोन रजया त्याच्या बाजूनं, पायाशी, भिंतीपर्यंत पसरल्या. रजया चळतीनं ठेवायच्या नाहीत असं उम म्हणाला होता. ही काही चळत नव्हती.

दोकसूनं पाठ टेकली. तोंडाची सरळ असलेली बाजू हलली.

"आ...ह," तो म्हणाला.

त्यानंतरचे दिवस चांगले गेले. एवढेच काय ते चांगले गेले म्हणायचे. तो खाऊ लागला. सुकटीचं पांढरं सूप, मऊ केलेला भात, बटाट्याच्या कण्या. माहेरच्या गावावरून सांदोंगवाली म्हणतात ती शेजारीण दुपारी यायची आणि सरळ रजईखाली हातपाय घालून बसायची.

"वहिनी, तुमच्याकडं तर उन्हाळा चाललाय. माझ्याकडं पाण्याचा गडू गोठला."

"मग आपल्या घरी जाऊन तो फोड."

"भाऊजी, बघा हं, तुमची बायको मला हाकलते."

दोकसूनं उजवा हात रजईबाहेर काढला आणि बायकोकडं बघून बोट हलवलं. सांदोंगवाली इतकी हसली की तिला खोकला आला. तो खाली आल्यापासून पहिल्यांदाच कुणावर रागावला होता, आणि तेही खोटं.

तो नेहमी डाव्या कुशीवर निजायला मागायचा. उजव्या हातानं काहीतरी चाचपता यायचं आणि दारातून परस दिसायचं. डाव्या कुशीला काही कळत नसल्यामुळं ती अवघडतही नव्हती. पे बाई सकाळी त्याची कूस बदलायच्या. त्या गेल्या की तो परत तिकडं वळवायला सांगायचा आणि मालसुक त्याला वळवायची.

डिसेंबरात थंडीची लाट आली. टीव्हीवर रोज निळे नकाशे दाखवू लागले. खोलीत माणसाचा वास कोंडतो म्हणून मालसुक दिवसातून पुष्कळदा दार उघडायची, आणि न्हाणीत जायला-यायलाही तेच दार. गार वारा येऊन पहिल्यांदा लागायचा तो दाराजवळच्या जमिनीला. आणि उष्णता मोजणारी सुई तिथंच होती.

इंचनला ग्युहोनचा फोन त्याला सांगायचा: बाबांची खोली, थंड.

"आई, खोली तापतच नाहीये. अठरावर आहे."

"चांगली आहे की."

"तू परत बटणाला हात लावलास का?"

"मी? मला ते बटण कळतं तरी का?"

"मी वाढवतो इथून. तू हात लावू नको."

"वाढव बाबा," ती म्हणाली. बोलताना तिचा आवाज हसरा होता. पोरगा कारखान्यात उभ्या उभ्या बापाच्या खोलीची चिंता करतोय, यात तिला सुख वाटलं. दोन दिवसांनी परत तेच. परत त्यानं वाढवलं. कामाच्या मधल्या सुट्टीत तो फोन काढायचा, आकडा खाली दिसला की बोटानं वर सरकवायचा. डबा खाण्याआधी हे करायचं, असा त्याचा नेमच झाला. आपल्या हातून बापाचं एवढं तरी होतंय असं त्याला वाटायचं.

एका सकाळी मालसुकनं झाडायला म्हणून बाजूची रजई उचलली. खालचं पिवळं व्हिनाइल तपकिरी झालं होतं, भाकरीच्या पापुद्र्यासारखं. तिनं हात लावला. चटका बसला नाही, पण हात फार वेळ ठेवावासा वाटला नाही.

आता दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. मालसुकला आनंद झाला. तिच्या माहेरी चुलीची आच जमिनीखालून फिरायची आणि चुलीजवळच्या जमिनीवर डकवलेला तेलकट कागद असाच करपून तपकिरी व्हायचा. ज्याच्या घरी तो डाग मोठा, त्याच्या घरी लाकूड भरपूर, सून कामाची, म्हातारी माणसं सुखात. पाहुणे आले की त्यांना त्या डागावर बसवायचे. गोऱ्या जमिनीच्या घरात मुलगी द्यायची नाही, असं तिचा बाप म्हणायचा. तिनं सांदोंगवालीला बोलावून रजई उचलून दाखवली.

"बघ. विजेची असून."

"अगं बाई," सांदोंगवाली म्हणाली. "नशीबवान आहेत भाऊजी."

मालसुकनं रजई नीट पसरून ठेवली.

त्या शनिवारी नवऱ्याचे कपडे बदलताना तिला त्याच्या डाव्या कमरेवर, हाड वर येतं तिथं, लाल चट्टा दिसला. बोराएवढा. मधोमध पांढुरका. तिनं दाबून पाहिलं.

"दुखतं?"

"ना...ही."

दुखणार कसं? ती बाजू त्याची राहिलीच नव्हती. मालसुक चट्ट्याकडं बघत बसली. तिला माहीत होतं, पे बाईंना हे दिसलं तर त्या योजनेच्या कार्यालयाला कळवणार. कार्यालय ग्युहोनला कळवणार. मग पलंग, मग दवाखाना, मग ती पिवळी इमारत. आणि एवढासा तर चट्टा. चुलीपुढं जन्म गेलेल्या बाईच्या अंगावर असे किती असतात. तिनं परसातल्या रांजणातून आंबवलेलं सोयाबीन बोटभर घेतलं, चट्ट्यावर थापलं आणि वर फडकं बांधलं. भाजल्यावर तिची आई हेच करायची.

सोमवारी पे बाई आल्या तेव्हा तिनं सांगितलं, "आज मीच अंग पुसलंय त्यांचं. तुम्ही स्वयंपाकाचं बघा."

मंगळवारीही तेच. बुधवारी पे बाई म्हणाल्या, "आजी, मला कामावरून काढायचा बेत आहे का? सगळं तुम्हीच करता."

"माझा नवरा आहे, मी करते."

"चाळीस वर्षं केलं नाहीत ते आता करताय?"

"पन्नास," मालसुक म्हणाली, आणि दोघी हसल्या. मालसुकचं हसू लगेच विरलं.

रोज ती फडकं सोडून बघायची. चट्टा मोठा होत नव्हता, पण मधला पांढुरका भाग काळा होत चालला होता. तिला बरं होतंय असं वाटून घ्यायचं होतं. खपली धरतेय, ती स्वतःला सांगायची. आणि त्याच जागेवर, त्याच कुशीवर, त्याच्या मागण्यावरून त्याला परत वळवायची.

पुढच्या आठवड्यात पे बाई खोलीत शिरल्या आणि दारातच थांबल्या. सोयाबीनचा वास त्यांच्या ओळखीचा होता. पण त्याच्या खाली आणखी एक वास होता, आणि तोही त्यांच्या ओळखीचा होता.

"आजी, बाजूला व्हा."

"त्यांचं झालंय सगळं."

"बाजूला व्हा म्हणते ना."

त्यांनी रजई काढली, फडकं सोडलं. मग त्यांनी दोकसूच्या अंगाखाली हात घातला आणि झटक्यानं बाहेर काढला.

"ही जमीन किती तापलीय! यांना शिजवलंत तुम्ही, आजी."

मालसुक तिथंच खाली बसली. पे बाईंना आपण काय बोललो ते कळलं. त्या लगेच तिच्याशेजारी बसल्या. "तसं नाही म्हणायचं मला. ऐका. तुम्हाला काय ठाऊक." पण ते वाक्य सुटलं होतं, आणि मालसुकनं ते एखादी आपलीच वस्तू घ्यावी तसं उचलून घेतलं.

"कळवू नका," ती म्हणाली. "तुमच्या पाया पडते बाई. मी पलंगावर घेते यांना. आत्ता घेते."

"न कळवून कसं चालेल? हे आत हाडापर्यंत असणार."

"त्यांना तिथं नेतील."

"हो," पे बाई म्हणाल्या. त्यांनी खोटं बोलायचं टाळलं. मालसुकला पुढं वाटायचं, त्या वेळी कुणीतरी खोटं बोलायला हवं होतं.

वोंजूच्या डॉक्टरांनी जखम कापून साफ केली. बाहेर बोराएवढी दिसणारी जखम आत मुठीएवढी होती. मंद आचेवर वेळ लागतो, पण खोलवर शिजतं, असं ते समजावून सांगत होते. ग्युहोन रात्रपाळी सोडून आला होता. डॉक्टरांनी विचारलं, जमिनीची उष्णता कोण बघत होतं? तो म्हणाला, मी. फोन काढून त्यानं दाखवला. "हे बघा ना, कधीच जास्त नव्हती. वीस. एकवीस. मी वाढवत होतो तरी."

मालसुक बाकावर बसली होती. तिनं हात पुढं करून त्याचा फोन घेतला. तिला अक्षरं जेमतेम येत होती, आकडे मात्र नीट कळत होते.

"हा आकडा कशाचा?"

"जमिनीचा, आई."

"कुठल्या जमिनीचा?"

ग्युहोन उत्तर द्यायला गेला आणि थांबला. उमनं सुई कुठं पुरली होती ते त्याला आठवलं. व्हिडिओ कॉलवर त्यानं स्वतःच पाहिलं होतं.

"दाराजवळच्या," तो म्हणाला.

"दाराजवळ कोण निजतं?"

ग्युहोननं विचारलं, "आई, वर रजया होत्या का?"

"होत्या."

"किती?"

तिनं सांगितलं. तो भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. त्याला आईवर ओरडता आलं नाही, आणि तिला त्याच्यावर. एकानं ओरडलं असतं तर दुसऱ्याला रडता तरी आलं असतं.

जानेवारी लागताना दोकसूला खोऱ्याच्या तोंडाशी असलेल्या त्या इमारतीत नेलं. जखमेची पट्टी दिवसातून दोनदा बदलायची, कूस दर दोन तासांनी बदलायची, हे घरी होणं शक्य नव्हतं. हे मालसुकलाही कळत होतं, हे तिचं आणखी एक दुर्दैव. गाडीतून नेताना दोकसूनं इमारत ओळखली. तो बायकोकडं बघत राहिला. ओरडला नाही, हात झटकला नाही. तिला वाटलं, रांजणात बसेन असं तरी म्हणावं.

त्या संध्याकाळी ती घरी परतली आणि सवयीनं पडवीच्या खोलीत गेली. जमीन गरम होती. रिकामी खोली, उघडा पलंग, आणि जमीन मात्र अजून तापत होती. ग्युहोननं फोनवरून बंद केली नव्हती. नंतर त्यानं सांगितलं की हात जात नव्हता. मालसुकनं भिंतीवरचं बटण दाबून पाहिलं, पण ते काही ऐकेना. मग तिनं ओसरीवर जाऊन त्या खोलीची विजेची खटकी पाडली. इंचनमध्ये त्याच्या फोनवर 'बाबांची खोली' या नावापुढं संपर्क नाही असं आलं. त्यानं आईला फोन केला नाही.

ती एक दिवसाआड बसनं जायची. तिथला पलंग तिच्या छातीएवढा उंच होता. दोकसूला उजव्या कुशीवर ठेवत, म्हणजे त्याचा चांगला हात अंगाखाली जायचा आणि तोंड भिंतीकडं. ती भिंत आणि पलंग यांच्यामधल्या बोळात शिरून उभी राहायची, तेव्हा त्याला दिसायची.

"पा...ठ," तो म्हणायचा.

तिनं परिचारिकेला विचारलं, "विजेची लहान चादर मिळते ना तापणारी? तीच आणते. हलकी."

"आजी," ती पोरगी हळू आवाजात म्हणाली, "तुमच्या यजमानांना तर अजिबातच चालणार नाही."

मग मालसुक आपले दोन्ही तळहात एकमेकांवर घासायची, तापले की त्याच्या पाठीवर ठेवायची. त्या वयात हात तरी किती तापणार? तो "आह" म्हणेल म्हणून ती वाट बघायची. एकदा तिला वाटलं तो म्हणाला. शेजारच्या पलंगावरचा म्हातारा होता.

फेब्रुवारीत तिनं ग्युहोनला विचारलं, "घरी नेऊ. जखमेचं काय व्हायचं ते होईल. मरायला तरी घरी नेऊ."

"आई, डॉक्टर सोडणार नाहीत."

"तू सही कर ना. तू मुलगा आहेस."

फोनमधून कारखान्याचा आवाज येत होता. मग तो म्हणाला, "नेऊन कुठल्या खोलीत ठेवायचं?"

मधल्या खोलीत पायरी होती. पडवीच्या खोलीत ती पाय ठेवत नव्हती. आठ खणांचं घर होतं, आणि एका माणसानं मरावं एवढी जागा त्यात राहिली नव्हती.

जखमेतला जंतू रक्तात गेला. मार्चच्या सुरुवातीला ताप चढला आणि उतरलाच नाही. नळी उपसतो म्हणून दोकसूच्या उजव्या हातात जाड मोजा घालून तो दांडीला बांधला होता. मालसुक गेली तेव्हा तो झोपेत होता. तिनं मोजा सोडायला सांगितला. परिचारिका म्हणाली, तुम्ही आहात तोवर सोडते. मालसुक शेवटची बस निघेपर्यंत तो हात धरून बसली. उठताना तिनंच मोजा परत घातला आणि गाठ मारली.

चाङ दोकसू मार्चच्या अकरा तारखेला, सकाळी, त्या रुग्णालयात वारला. तेव्हा त्याच्याजवळ घरचं कुणी नव्हतं. तिथूनच त्याला तालुक्याच्या अंत्यविधीच्या दालनात नेलं आणि तिसऱ्या दिवशी दहन केलं. त्याला घरी आणलं नाही.